गुरुजी कॉलनीतलं अंजनाबाईचं घर

परळीच्या गुरुजी कॉलनीत अंजनाबाई बारा वर्षं राहिली. पण कुणी पत्ता विचारला तर ती "सुग्रीव गुरुजींच्या मागं" एवढंच सांगायची. पुढच्या घराला नंबर होता, दारावर नावाची पाटी होती. मागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांना यातलं काही नव्हतं. तिथं जायला घराच्या कडेनं एक बोळ होता, जेमतेम एक माणूस आणि एक शेळी जाईल एवढा.

मुळात ती या शहरात आली ती नवऱ्याच्या कमरेमुळे. शहादेव सिरसाळ्याकडच्या एका वस्तीवरचा, घरात मेंढरं राखायचा धंदा. त्याच्या वाट्याला मेंढरं आली तोवर चरायला रान उरलं नव्हतं. मेंढरं विकून नवरा-बायकोनं कोयता धरला. दसरा झाला की ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी टाकायची, सहा महिने कारखान्याच्या फडावर ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परत यायचं, असे तेरा हंगाम गेले. तेराव्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना शहादेवचा पाय सटकला. माणूस वाचला, पण त्याची कंबर कायमची गेली.

त्यांची एकुलती एक पोर रोहिणी तेव्हा सातवीत होती. अर्धं वर्ष फडावर आणि अर्धं वर्ष शाळेत, तरी वर्गात पहिली यायची. सुग्रीव गुरुजी तिच्या शाळेचे मुख्याध्यापक. ते स्वतः वस्तीवर आले, बाजेवर बसले आणि म्हणाले, "अंजना, पोरीला परळीत आण. माझ्या घरामागं दोन खोल्या मोकळ्या आहेत. आमच्या मंडळींना अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेलीय. तू तिचं बघ, मी तुझ्या पोरीचं बघतो. भाड्याचं नाव काढू नको."

अंजनाबाईला वाटलं, देव माणसाच्या रूपात येतो म्हणतात तो असा येत असेल.

गुरुजींनी शब्द पाळला. रोहिणीची फी माफ करून घेतली, पुस्तकं दिली, बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्मही त्यांनीच भरला. आणि अंजनाबाईनं त्यांच्या बायकोला, सुंदरबाईंना, सांभाळलं. सकाळी उठवायचं, अंघोळ घालायची, वेणी घालायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. सुंदरबाईंचं बोलणं अर्धवट झालं होतं, शब्दाचं डोकं बाहेर यायचं आणि शेपूट तोंडातच राहायचं. घरच्यांनाही ते समजायचं नाही, पण अंजनाबाईला समजायचं. "पा" म्हणजे पाणी आणि "पाऽ" म्हणजे पाय दुखतोय, हा फरक त्या घरात फक्त तिला माहीत होता. वारा थर्मल वीज केंद्राकडून आला की सगळ्या घरावर राखेचा पातळ थर बसायचा. तो ती दिवसातून दोनदा झाडायची. शहादेवला राखेच्या विटांच्या एका कारखान्यावर रखवालीचं काम मिळालं होतं. मागच्या अंगणात दोन शेळ्या होत्या. त्यांच्याशिवाय तिला करमत नसे.

गल्लीनं तिला आपलं म्हटलं होतं, निदान तिची तशी समजूत होती. समोरची बबिता तर तिची जिवाभावाची. बबिताचा नवरा एका संस्थेत क्लार्क, ती घरी ब्लाऊज शिवायची. दुपारी सुंदरबाई झोपल्या की अंजनाबाई तिच्या मशीनशेजारी बसून हुका-काजं करून द्यायची. बचत गट निघाला तेव्हा बबितानंच तिला सही शिकवली. "अंगठा कशाला उठवतीस? सही कर. आणि सही अशी करायची की कुणाला नक्कल जमली नाही पाहिजे," असं म्हणून स्वतःची सही दाखवली. 'ब'च्या पोटातून निघालेली रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली, आणि खाली दोन टिंबं. एका पावसाळ्यात गल्लीत डेंग्यूची साथ आली तेव्हा बबिताच्या लेकाच्या पेशी वीस हजारावर आल्या. कुणीतरी शेळीचं दूध सांगितलं. अंजनाबाई सोळा दिवस सकाळ-संध्याकाळ धारोष्ण दूध घेऊन बबिताच्या दारात उभी होती. गल्लीतली आणखी चार घरं तांब्या घेऊन बोळातून मागं यायची. एक पैसा तिनं कुणाकडून घेतला नाही.

गुरुजींचा मुलगा अभिमन्यू पुण्यात शिकून इंग्लंडला गेला होता, तिकडच्या एका लहानशा गावात नोकरीला. दर रविवारी चार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन सुंदरबाईंच्या तोंडासमोर धरायचं काम अंजनाबाईचं. गेल्या वर्षी त्यानं तिकडं घर घ्यायचं ठरवलं. घर बघून झालं, बोलणी झाली आणि तो फोन हातात धरून तिकडच्या गल्लीतून चालत सगळ्यांना दाखवायला लागला. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, पुढं दोन पावलांची बाग, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"आता शेजारी कसे असतील काय माहीत," गुरुजी म्हणाले.

"चांगले आहेत बाबा. अजून घर झालंही नाही, तरी शेजारची म्हातारी केक घेऊन आली. कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा तेही लिहून दिलं तिनं."

अंजनाबाईला याचं फार कौतुक वाटलं. "बघा बाई," ती सुंदरबाईंना म्हणाली, "परमुलकात बी माणसं माणसावानीच हायेत."

त्या घरासाठी अभिमन्यूला सुरुवातीची मोठी रक्कम भरायची होती. परळीचं घर विकायचं, आई-बाबांनी गावातच लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायचं आणि तिकडं बस्तान बसलं की त्यांना बोलावून घ्यायचं, असं बाप-लेकांचं ठरलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी अंजनाबाईला हाक मारली. शहादेवलाही बोलावलं.

"घर काढायचंय. बाहेर बोललो तर उद्या दहा गिऱ्हाईकं येतील. पण मी अजून कुणाला बोललो नाही. रोहिणी कमावती झालीय. तुमची तयारी असली तर हे घर मी तुम्हालाच देणार, दुसऱ्याला नाही. जिनं झाडलं-पुसलं तिच्याकडंच राहावं ते."

शहादेव खाली बघत म्हणाला, "गुरुजी, आमच्यानं झेपंल का?"

"बँक कर्ज देते रे. पोरीला सरकारी पगार आहे."

रोहिणी दीड वर्षापासून चौसाळ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती. शनिवारी आली तेव्हा तिनं कागदावर सगळं मांडलं आणि म्हणाली, "होतंय आई. जड जाईल, पण होतंय." बँक देईल त्याच्या वरचे पैसे घालायला शहादेवनं वस्तीवरचा आपला एक एकराचा वाटा भावाला, परमेश्वरला, विकून टाकला. त्या जमिनीत काही पिकत नव्हतं हे खरं, पण सातबाऱ्यावर नाव होतं. सही करून आला त्या दिवशी तो जेवला नाही. अंजनाबाईनं समजूत घातली, "तिकडचं गेलं तर इकडचं आलं न्हाई का? आता बोळातून यायचं न्हाई. मोहरल्या दारानं यायचं."

इसार म्हणून एक लाख रुपये तिनं स्वतः गुरुजींच्या हातात दिले. रोहिणीनं आईच्या कानात सांगितलं होतं, इसार पावती करून घे. अंजनाबाईनं भीत भीत तो शब्द काढला. गुरुजी हसले. "पावती? अगं, तू काय परकी आहेस? बारा वर्षांत कधी शब्द फिरवला का मी?"

तिला स्वतःचीच लाज वाटली.

पुढचे दोन महिने बँकेला कागद हवे होते आणि गुरुजींकडचे कागद सापडत नव्हते. कधी मूळ खरेदीखत अभिमन्यूच्या कपाटात राहिलं होतं, कधी नगरपालिकेचा बाबू रजेवर होता. रोहिणी फोनवर चिडायची. अंजनाबाई तिलाच गप्प करायची, "म्हातारं माणूस हाय, करतेत सावकाश."

दरम्यान गल्लीत काहीतरी बदललं होतं. नळावर ती गेली की बायकांचं बोलणं तुटायचं. बबिताकडं हुका-काजांचं काम कमी झालं. "सध्या गिऱ्हाईकच नाही," ती म्हणायची, पण मशीन तर दिवसभर वाजत असायची. अंजनाबाईनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. आपली बरोबरी होणार म्हणून थोडी कुरकुर असेल, होईल सवय. तिनं तर शेळ्यांचाही विचार केला होता. मालकी झाली की मागं पक्का गोठा बांधायचा, खाली फरशी घालायची, कुणाला वास यायला नको.

एका गुरुवारी सकाळी गुरुजी म्हणाले, "अंजना, बाईंना आज जरा चांगली तयार कर. अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय."

तिनं पाणी तापवलं. सुंदरबाईंना अंघोळ घातली, केस धुतले, उदाच्या धुरावर वाळवले. ठेवणीतली हिरवी काठापदराची साडी काढली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "न... न..." असं काहीतरी त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. अंजनाबाईला वाटलं, सुई टोचतील म्हणून घाबरल्या असतील.

"काई न्हाई करत डाक्टर. मी येते की संगं."

"नको," गुरुजी दारातूनच म्हणाले. "गाडीत जागा नाही. बबिताचे मिस्टर येतायत सोबत."

बबिताचा नवरा कशाला, असं तिच्या मनात आलंही. पण उचलायला गडीमाणूस लागतोच, असं म्हणून तिनं तो विचार सोडला. तिनं बाईंना कमरेत धरून गाडीत बसवलं, पायाखाली उशी दिली, पदर सारखा केला.

चार वाजता गाडी परत आली. अंजनाबाईनं बाईंना पलंगावर टेकवलं आणि कोमट पाण्यानं हातपाय पुसायला घेतले. उजवा हात निर्जीव, तो पुसला. डावा हात पुसताना तिचं फडकं थांबलं. अंगठ्याला निळी-जांभळी शाई होती. कुणीतरी घाईनं पुसलेली, पण रेघांत आणि नखाच्या कडेला जमून राहिलेली.

तेरा हंगाम मुकादमाच्या कागदावर तिनं अंगठा उठवला होता. या शाईची ओळख तिला दुसऱ्या कुणी करून द्यायची गरज नव्हती.

घर सुंदरबाईंच्या नावावर होतं. नोकरदाराच्या नावावर मालमत्ता दिसायला नको, म्हणून गुरुजींनी घेतानाच तसं केलं होतं. ही गोष्ट त्यांनीच तिला कधीतरी गप्पांत सांगितली होती.

"बाई," ती हळू म्हणाली, "दवाखान्यात अंगठा कशाला घेतेत?"

सुंदरबाईंनी मान भिंतीकडं वळवली. त्यांचे खांदे हलायला लागले.

अंजनाबाई फडकं हातात घेऊनच बाहेर आली. गुरुजी ओसरीवर पेपर उघडून बसले होते.

"गुरुजी, कुठं गेलते तुमी?"

"सांगितलं ना, अंबा..."

"बाईच्या अंगठ्याला शाई हाय."

गुरुजींनी पेपरची घडी केली. घडीवर घडी. मग ते बोलायला लागले, वर्गात बोलायचे तसे, एकेक मुद्दा सोडवून. वीटभट्ट्यांचा एक मालक आला होता. सहा लाख जास्त देत होता, तेही एकदम. अभिमन्यूला पैसे पंधरा दिवसांत हवे होते, नाहीतर तिकडचं घर हातचं गेलं असतं. बँकेचं कर्ज कधी मंजूर झालं असतं, कुणास ठाऊक. आज परळीतच नोंदणी झाली, साक्षीला बबिताचा नवरा होता. "तुझे लाख रुपये काढून ठेवलेत. जसेच्या तसे."

"कावून गुरुजी? मला इचारायचं तरी. आमी कायबी करून..."

"फक्त पैशाचं असतं तर मी थांबलो असतो," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. यातून आपली सुटका होईल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी आतून एक कागद आणून तिच्यापुढं धरला. "हे बघ. गल्लीनं दिलंय. मी तरी किती जणांशी वाकडं घेणार?"

वाचताना ती अडखळायची. गुरुजींनीच वाचून दाखवलं. कॉलनीत सुशिक्षित, नोकरदार कुटुंबं राहतात. जनावरं पाळणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला घर विकल्यास घाण, दुर्गंधी व डासांचा त्रास होईल, त्यांच्या नातेवाइकांची वर्दळ वाढेल, घरांचे भाव पडतील. तरी आपण कॉलनीच्या हिताचा विचार करावा ही नम्र विनंती. खाली चौदा सह्या.

तिनं कागद हातात घेतला. अक्षरं सगळी सारखीच दिसत होती. पण वरून तिसरी सही तिनं ओळखली. 'ब'च्या पोटातून निघालेली रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती आणि खाली दोन टिंबं होती.

ती रस्ता ओलांडून गेली तेव्हा बबिता मशीनवरच होती. अंजनाबाईला पाहून तिचा पाय पायट्यावरून सुटला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या सहीनं सांगितलं."

बबिता उठली, दार लावून घेतलं, पुन्हा बसली. "माझ्यावर राग धरू नको अंजना. ह्यांनी कागद पुढं ठेवला, म्हणाले सगळ्यांनी केलीय. मी एकटीच कशी नाही म्हणणार?"

"तिसरी हाय तुझी. तुझ्या मोहरं दोघांच्याच व्हत्या."

बबिता मशीनवरचं कापड उगाच सरळ करू लागली.

"घाण व्हती व्हय ग माझ्या शेळीची?" अंजनाबाईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली खाली जात होता. "तुझं लेकरू दवाखान्यात पडलं तवा न्हाई आला वास?"

"ते मी विसरले नाही. देवाशपथ नाही विसरले. पण तू मागं राहत होतीस तेव्हाची गोष्ट वेगळी गं. शेजारी मालक म्हणून... उद्या आमचं घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पहिलं विचारतं, शेजारी कोण. आम्हालाही कर्ज फेडायचंय. तू इथंच राहा ना, कुणी नको म्हटलंय? नवा मालक ठेवील तुला मागं. मी ह्यांना सांगते त्याच्याशी बोलायला."

बबिता हे मनापासून बोलत होती. अंजनाबाईला सगळ्यात जास्त लागलं ते तेच. या बाईला खरंच वाटत होतं की ती मैत्रीण म्हणून काहीतरी चांगलं सुचवतेय.

त्या रविवारी चार वाजता फोन वाजला. अंजनाबाई अजून कामावर जात होती. खोल्या सोडायला महिना होता, आणि सुंदरबाईंना उपाशी ठेवणं तिच्या हातून होणार नव्हतं. तिनं फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. अभिमन्यू नव्या घराच्या किल्ल्या दाखवत होता. बाई फोनकडं बघतच नव्हत्या. मग अंजनाबाईनं फोन आपल्याकडं वळवला. असं तिनं कधी केलं नव्हतं.

"अभिदादा, एक इचारू?"

"विचारा ना मावशी."

"तुमी तितं घर घेतलं, तर तितल्या गल्लीनं सह्या केल्या का, की ह्या काळ्या परदेशी माणसाला घर इकू नका म्हणून?"

अभिमन्यूनं हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या.

"मावशी, ते बाबांनी..."

"तुमाला म्हाईत व्हतं का?"

"बाबांनी पत्राचा फोटो पाठवला होता मला," तो शेवटी म्हणाला. "मी म्हणालो, व्यवहार आणि भावना वेगळं ठेवू. मला तेव्हा खरंच दुसरा रस्ता नव्हता."

गुरुजींनी पुढं होऊन तिच्या हातातून फोन घेतला. त्या बारा वर्षांत त्यांनी तिच्या हातातून पहिल्यांदाच काही ओढून घेतलं होतं.

रोहिणी आली ती वकिलाचा पत्ता घेऊनच. पण लढायला कागद कुठला होता? इसाराची पावती नाही, करार नाही. लाख रुपये गुरुजींनी खरंच जसेच्या तसे परत केले, त्याच पिशवीत. "पैसे परत दिलेत, म्हणजे आपण कुणाचं काही बुडवलं नाही असं त्यांना वाटत असंल," रोहिणी रागानं म्हणाली. शहादेव भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "माझा एकर गेला की ग." परमेश्वरनं तोवर त्या जमिनीत बोअर मारली होती आणि पाणी लागलं होतं. परत मागायला तोंड नव्हतं.

अंजनाबाईच्या मनात मात्र पैसा आणि जमीन यांच्याही आधी ती हिरवी साडी यायची. बाईंना आपण आपल्या हातानं नटवलं. निऱ्या सारख्या केल्या. ज्या कागदावर आपलं घर दुसऱ्याला गेलं, त्या कागदापाशी आपणच त्यांना उचलून पाठवलं. आणि बाई "न, न" म्हणत होत्या ते काय होतं, हे आपल्याला, ज्या आपल्याला त्यांचा प्रत्येक अर्धा शब्द कळायचा, कळू नये? कधी तिला वाटायचं, बाई सावध करत होत्या. कधी वाटायचं, तिथं कचेरीत त्यांना मान हलवता आली असती, साहेबासमोर अंगठा मुठीत धरता आला असता. डावा हात तर चांगला होता. दोन्ही विचार आलटून पालटून यायचे, आणि कुठलाच ती सोडून देऊ शकत नव्हती.

महिना संपायच्या आत तिनं सिरसाळ्याच्या रस्त्याला, गाव संपतं तिथं, एका नव्या ले-आउटमध्ये प्लॉट बघितला. रस्ते अजून मुरमाचे, विजेचे खांब उभे पण तारा नाहीत. या वेळी प्रत्येक कागद रोहिणीनं दोनदा वाचला, इसार पावतीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. विकणारा माणूस सरळ होता, तरी अंजनाबाई त्याच्या तोंडाकडं न बघता कागदाकडंच बघत बसली. खरेदी तिच्या नावावर झाली. तिनं सही केली. साधी, नुसतं नाव, कुठंही रेघ न ओढता.

गुरुजी कॉलनीतून निघताना गल्लीतली दोन-चार माणसं दारात आली. "येत जा," कुणीतरी म्हणालं. बबिता खिडकीत होती. टेम्पोत शेळ्या चढवताना शहादेवला वाकता येईना, तर बबिताचा नवरा हात द्यायला पुढं झाला. अंजनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घाण लागंल." एवढं एकच वाक्य ती त्या गल्लीत टाकून आली.

खांबांवर तारा आल्या, बोअरला पाणी लागलं. आधी पत्र्याचं शेड, मग जोतं, मग दोन खोल्यांच्या भिंती, असं ते घर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत उभं राहिलं. एका सकाळी ती भिंतीवर पाणी मारत असताना स्कूटर येऊन थांबली. गुरुजी होते. दाढी वाढलेली, शर्टाची इस्त्री गेलेली.

तिनं बाज टाकली, पाण्याचा तांब्या दिला. गुरुजींनी घराकडं बघून "छान झालंय" म्हटलं. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"सुंदर जेवत नाही अंजना. कामाच्या तीन बायका बदलल्या. तोंड मिटून घेते. काय म्हणते ते कुणाला कळत नाही. दिवसातून एकदा येशील? रिक्षाचे पैसे देतो, पगार तू म्हणशील तो."

"अभिदादा नेणार व्हते ना तिकडं?"

"त्याचं काही जमत नाही. व्हिसाचं... सांगतो म्हणाला."

ती हातातल्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून धरत म्हणाली, "गुरुजी, तुमी माझ्या पोरीला शिकिवलं. ते उपकार मी मरंस्तोवर इसरणार न्हाई. पण तुमी माझ्या हातानं माझा गळा कापून घेतला. मला म्हणले असते, अंजना, दुसऱ्याला इकतो, तर मी रडले असते आन् गप बसले असते. डाक्टरकडं न्यायचंय म्हणले तुमी. साडी नेसवून घेतली माझ्याकून."

गुरुजींनी मान खाली घातली. मग उठून स्कूटर चालू केली.

त्या दिवशी ती गेली, एकदाच. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुंदरबाई खिडकीशी पडल्या होत्या, केसांचा पार गुंता झालेला. अंजनाबाईला पाहून त्यांनी डाव्या हातानं तिचा पदर धरला आणि एवढ्या जोरानं ओढला की खांद्यावरची पिन निघाली. अंजनाबाईनं भाकरी कुस्करली, भरवली. गुंता सोडवला, वेणी घातली. बाई "अं... अं..." करत डावा अंगठा तिच्या तोंडासमोर धरत होत्या.

"कळलं," अंजनाबाई म्हणाली. "कळलं मला."

माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही. बाईंनी वाट पाहिली. तिनं ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. नव्या बाईला शेजारी बसवून सांगितलं, "पा म्हणजे पाणी. पाऽ लांबवलं की पाय दाबायचा. भाकर गार देऊ नका." मग ती जिना उतरून खाली आली. घरी येऊन शहादेवला म्हणाली, "आता परत जायचं न्हाई." आणि ती पुन्हा गेली नाही. गुरुजींचा फोन आला की शहादेव उचलायचा आणि "ती रानात गेलीय" असं सांगायचा.

पुढं ले-आउटमध्ये आणखी घरं येऊ लागली. शेजारच्या प्लॉटवर कडूबाई नावाच्या बाईनं पाया खणायला घेतला. नवरा ट्रकवर क्लीनर, दोन पोरी, बोलकी बाई. पहिल्याच दिवशी तारेच्या कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या बोअरचं पाणी मिळंल का दोन दिस? आमची मोटर यायची हाय. आन् शेळ्या लई गोड हायेत बरं का तुमच्या. आमच्या पोरींना लई नाद."

अंजनाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. हसरं तोंड होतं. आधीची अंजनाबाई असती तर एव्हाना चुलीवर चहाचं पातेलं चढलं असतं आणि पोरींच्या हातात शेळीची दोरी आली असती.

तिनं पाइप कुंपणावरून पलीकडं टाकला, मोटर चालू केली.

"घ्या लागंल तेवढं," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.